विषय: ४ जानेवारीचा आपला मेळावा, सोलापूर – जेवणाचा हमी आकडा किती द्यायचा?

खजिनदार:
मंडळी, आचाऱ्यांना शुक्रवारपर्यंत हमीचा आकडा द्यायचाय, म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यायचेच. यादीत २४० नावं आहेत. ताट ३८० रुपये, हमीच्या वर गेलेलं प्रत्येक ताट ४२०. चहा-नाश्ता माणशी ६०, तो २४० जणांचा धरलाच आहे. वर ५ टक्के जीएसटी. २४० ची हमी दिली तर जेवणाचे ९५,७६० आणि चहा-नाश्त्याचे १५,१२० मिळून १,१०,८८० होतात. आपल्याकडे जमा आहेत १ लाख. २१० ची हमी दिली तर ९८,९१० मध्ये बसतं. माझं मत २१०. हो की नाही एवढंच कळवा, मेनू परत उघडू नका.

अण्णा:
मेनू उघडत नाही, पण भाकरीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वेळी भाकरी थापतानाच कडेला चिरत होती. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली होती, आठवड्यापूर्वी दळलेलं असणार. मालदांडी ज्वारी मंगळवेढ्याची घ्या आणि आदल्या दिवशी दळून आणा, हे आचाऱ्याकडून लिहून घ्या. आणि तारखेबद्दल माझं अजून तेच म्हणणं आहे. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, ठेवलं असतं तर संमती कट्ट्यावरचा सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा पोरांनी डोळ्यांनी पाहिला असता. माझ्या नातवाला नंदीध्वज, यात्रेतल्या त्या मानाच्या उंच काठ्या, म्हणजे काय ते फोटोतच दाखवावं लागतं.

कार्यवाह:
अण्णा, तारखेवर ऑगस्टमध्येच मतदान झालंय. संक्रांतीपर्यंत बाहेरगावच्या शाळा सुरू होतात, निम्मी घरं आलीच नसती. शिवाय यात्रेच्या दिवसांत वाढपी मिळत नाहीत, मिळाले तर दुप्पट मागतात. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं बारसं त्याच आठवड्यात होतं, तेव्हा आम्ही घरच्यांनीच बादल्या घेऊन वाढलं.

अक्का:
२१० ला माझा विरोध आहे. जेवणाचं काम माझ्याकडे दिलंय तर आकडाही मला विचारून ठरवा. यादीत माहेरची-सासरची माणसं कुणी लिहिलीत? सोलापुरात घरी आलेल्या पाहुण्याला “तुम्ही यादीत नाही” म्हणायचं का? मागच्या वेळी शेवटच्या चाळीस जणांपर्यंत आमटीत दोनदा पाणी पडलं, आणि वांग्याच्या परातीत नुसता देठ आणि तर्री उरली. वाढायला मीच उभी होते. एका वयस्कर बाईंनी ताट पुढे केलं आणि परातीकडे बघून मागे घेतलं. ते मला पुन्हा बघायचं नाही.

खजिनदार:
अक्का, तुमचं बरोबर आहे, म्हणूनच दोन्हीकडून हिशेब मांडतो. २१० ची हमी दिली आणि २४० आले, तर वरच्या ३० ताटांचे करासह १३,२३० पडतील आणि एकूण १,१२,१४० होतील. म्हणजे २४० च्या हमीपेक्षा फक्त १,२६० जास्त. उलट २४० ची हमी दिली आणि २१० च आले, तर ११,९७० वाया. वर्गणी कमी पडली तर दोन्ही वेळा आपल्याच खिशातून जाणार, पण पहिल्यात निदान कुणीतरी जेवलेलं असेल.

पुण्याच्या वहिनी:
पैशांचं पटलं, पण ताटं मोजणार कोण? मागच्या वेळी बिलात २६ ताटं जास्त लागली होती आणि माणसं तेवढीच होती. पोरं गुलाबजामला नवीन ताट घेत होती, मोठेही भातासाठी घेत होते. यंदा दारात कूपन फाडा आणि बिल कूपनावरच ठरवा. गोडाला वाट्या वेगळ्या ठेवा, त्या मोजायच्या नाहीत. ताटांच्या चळती सुरुवातीला आपला एक आणि त्यांचा एक माणूस मिळून मोजून ठेवू दे. हे बोलण्यात नको, कोटेशनवर लिहून हवं.

दुसरं, ५ टक्के द्यायचे तर बिलावर जीएसटी नंबर बघा. आचारी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या जीएसटी योजनेत, असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, बिलावर तसं छापावंही लागतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, १४ आकडी नंबरही मागून घ्या.

कार्यवाह:
कूपनं मी छापून आणतो. लहान मुलांची वेगळ्या रंगाची करू का?

अण्णा:
लहान मुलांना अर्धा दर लावायला सांगा. पाच वर्षांचं पोर काय खाणार, दोन घास भात. वाचलेल्या पैशांत भाकरीचं पीठ ताजं मिळेल.

अक्का:
रात्री परत आकडेमोड करून बसले. हिशेब बरोबर आहे, पण आचारी शिजवतो हमीवर. तो पाच-दहा टक्के जास्त टाकतो, म्हणजे २१० वर फार तर २३० चं. वरचे दहाजण आले की परत तीच परात. त्यासाठी एक सुचवते. शंभर कडक भाकरी आणि चार किलो शेंगाचटणी आपण बाहेरून वेगळी घेऊन ठेवायची. अक्कलकोट रोडकडचा आमचा बचत गट उखळात कुटून चटणी करतो, तेल सुटलेली. माणसं वाढली तर भाजी-आमटी पुरवून वाढू आणि सोबत कडक भाकरी चुरून दही-चटणीशी देऊ. सोलापूरकर त्याला कमी म्हणणार नाही. नाही वाढली तर कडक भाकरी टिकते. तसंही परत जाताना प्रत्येकजण नवी पेठेत जाऊन तेच विकत घेतो, तर इथेच पाकिटं विकत देऊ आणि पैसे खजिन्यात परत येतील. तांदूळ मात्र माणशी सत्तर-ऐंशी ग्रॅमच सांगा, भाकरी असली की भात उरतो.

खजिनदार:
पटलं. हमी २१०, कूपनावर बिल, पाच वर्षांखाली अर्धा दर मागून बघतो. अक्का, गटाचा दर उद्यापर्यंत कळवा, आगाऊ रक्कम मी पाठवतो.

पुण्याच्या वहिनी:
पाहुण्यांसाठीची सोडून माझी वीस पाकिटं आत्ताच धरा. चटणी पाव किलोच्या पिशव्यांतच द्यायला सांगा. मागच्या वेळी एकच मोठी पिशवी बॅगेत फुटली आणि नवऱ्याच्या दोन शर्टांना तेल लागलं, ते अजून गेलेलं नाही.

अण्णा:
माझी दहा. आणि ते पीठ आदल्या दिवशीचं, अक्का, विसरू नका ओ.