शुगर नाही तरी आण्णांना शुगरची गोळी का दिली?

होटगीरोडकर: आण्णांचं वय ६४, मागच्या महिन्यात पाय सुजले, रात्री आडवं झालं की दम लागायचा, इको केला तर ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, ३० टक्केच निघालं. गोळ्या दिल्यात त्यात डॅपाग्लिफ्लोझिन पण आहे, मेडिकलवाला म्हणतो ही शुगरची. आण्णांना शुगर कधीच नव्हती. आई घाबरलीय, देऊच नको म्हणते.

सिस्टरताई: दादा गोळी मनानं बंद करू नका. आली शुगरसाठीच, पण २०१९ ला याच गोळीचा डॅपा-एचएफ अभ्यास झाला, ४७४४ पेशंट, निम्म्याहून जास्त जणांना शुगर नव्हतीच, तरी हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला रक्त पुरवायला कमी पडणं, आण्णांसारखं) बळावणं किंवा हृदयाच्या आजारानं मृत्यू याचा धोका एकूण २६ टक्क्यांनी कमी झाला. २०२१ ला याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिननं तर ईएफ चांगला असून हार्ट फेल्युअर असलेल्यांनाही फायदा दाखवला, त्यांच्यासाठी तोवर ठोस असं फारसं काही नव्हतंच, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

बाळीवेस: माझ्या आईला दोन वर्षं चालूय. रोज सकाळी वजन लिहा, दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर लगेच फोन करा. शेंगाचटणी, पापड, लोणचं कमी, मीठ तिथंच लपलेलं असतं. उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं की ही गोळी थांबवायची का ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

होटगीरोडकर: ताई, आईला वाचून दाखवलं. आजची गोळी दिली.