हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू - घरी खोलू का स्टेअरिंग?

मालवणकर:
पावसाळा संपल्यापासून हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टेअरिंगवरची आवाजाची बटणं पण मेली आणि आता एअरबॅगचा लाल दिवा जातच नाही. शोरूमवाले पूर्ण एअरबॅग बदला म्हणतायत. घरी पाना मारून बघू का?

खाडीकाठचा:
हॉर्न, बटणं, दिवा तिन्ही एकदम म्हणजे बहुतेक क्लॉक स्प्रिंग गेलीय भाऊ, एअरबॅग नाही. स्टेअरिंगखाली गुंडाळलेली चपटी केबल असते ती, फिरून फिरून तुटते. आधी स्कॅनर लावून गाडीतला बिघाडाचा कोड बघ, नुसता दिवा असता तर सीटखालचा पिवळा कनेक्टर बघ म्हटलं असतं, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो गंजून हिरवा पडतो.

गॅरेजवाला, रत्नागिरी:
बरोबर. पण एअरबॅगमध्ये स्फोटाची दारू असते हे विसरू नका, चेष्टा नाही. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबायचं, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. एअरबॅगला मल्टीमीटर (वीज तपासायचं मीटर) अजिबात लावायचा नाही. काढलेली बॅग कव्हर वर करून ठेवायची, उलटी ठेवली आणि फुटली तर उडेल. चाकं सरळ ठेवून नवीन स्प्रिंग मधोमध सेट करा, नाहीतर पहिल्याच यू-टर्नला तुटेल. जुनी भंगारातली बॅग तर फुकट दिली तरी घेऊ नका.

मालवणकर:
बापरे. स्कॅन करून घेतो, खोलायचं काम तुमच्यासारख्याकडेच देतो.