सेमिनारसाठी सल्ला हवा: पेशींना चिकटवणारे रिसेप्टर आणि कॅन्सर

पिपेटवाली: एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वीस मिनिटं बोलायचंय. इंटिग्रिन, कॅडहेरिन, सिलेक्टिन, सीडी४४ असे पेशीवरचे चिकटवणारे सगळे रेणू कोंबलेत आणि आता माझं मलाच कळेना. काय ठेवू, काय गाळू? उपचाराचं एखादं चांगलं उदाहरणही सुचवा.

जुना_मायक्रोस्कोप: सिलेक्टिन बिनधास्त गाळा. सुरुवात ई-कॅडहेरिनने करा, म्हणजे शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या रेणूने. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत त्याच्या जनुकातला, म्हणजे सीडीएच१मधला, आनुवंशिक दोष जठराच्या कॅन्सरमागे असल्याचं सापडलं. शिवाय स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींच्या) कॅन्सरची स्लाइड दाखवा. तिथे बहुतेक वेळा ई-कॅडहेरिन नसतं, त्यामुळे पेशी गठ्ठ्याने न दिसता एकामागे एक मुंग्यांसारख्या रांगेत दिसतात. शंभर शब्द वाचतात.

कल्चर_हूड: वरच्या सल्ल्याला माझी पुरवणी. "ई-कॅडहेरिन गेलं की कॅन्सर पसरतो" असं सरळसोट विधान मात्र करू नका, तिथेच पकडतात. २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांतल्या प्रयोगांत ई-कॅडहेरिन काढल्यावर पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि दूरच्या अवयवांत गाठी कमीच झाल्या. म्हणजे हे रिसेप्टर नुसता डिंक नाहीत, पेशीला 'जगत राहा' असा निरोपही देतात. पेशीला भोवतालच्या आधाराशी बांधणाऱ्या इंटिग्रिनचं तेच. आधार सुटला की निरोगी पेशी मरते (अनोइकिस), कॅन्सरची पेशी त्यातून पळवाट काढते.

पिपेटवाली: हे भारी आहे! मग इंटिग्रिन अडवलं की काम झालं ना?

कल्चर_हूड: तसंच वाटलं होतं सगळ्यांना. सिलेंजिटाइड हे औषध दोन इंटिग्रिनना अडवायचं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरमध्ये पाचशेहून जास्त रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल छापून आला: आयुष्य वाढलं नाही. अपयशाची ही स्लाइड ठेवाच, लोक नेमकी तीच लपवतात.

जुना_मायक्रोस्कोप: आणि तिच्या शेजारी एन्फोर्टुमॅब वेडोटिन हे औषध, म्हणजे विष जोडलेली अँटिबॉडी. ते नेक्टिन-४ या चिकटण्याच्या रेणूला धरतं, पण त्याचा खरा भरवसा अडवण्यावर नाही. रेणू फक्त पत्ता. अँटिबॉडी तिथे पोचते, पेशी तिला आत ओढते आणि सोबतचं विष सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशी विभागायला लागणारा आतला सांगाडा, मोडतं. अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे मूत्राशय-मूत्रमार्गाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासोबत दिल्यावर मध्यक आयुर्मान ३१.५ महिने, केमोवर १६.१.

पिपेटवाली: पत्ता म्हणून वापर, हाच धागा पकडते. "मग नेक्टिन-४ निरोगी पेशींवर नसतं का?" असं सर विचारणारच.

जुना_मायक्रोस्कोप: त्वचेत असतं. म्हणूनच या औषधाने पुरळ येतं, क्वचित जिवावर बेतण्याइतकं. हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका.