एको पॉइंट ते हनिमून ब्रिज : गुडघा दुखत असेल तर कुठपर्यंत?

जास्वंद_सिडनी :
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना ब्लू माउंटन्सला न्यायचंय. गाडी नाही, सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून ट्रेनने कटूम्बा. बाबा रोज तासभर चालतात. आईचा गुडघा पायऱ्या उतरताना दुखतो, सपाटीवर काही त्रास नाही. थ्री सिस्टर्स, म्हणजे ते शेजारशेजारचे तीन सुळके, तिथपर्यंतची छोटी पायवाट आईला झेपेल का? बाबा दरीत उतरणारा जायंट स्टेअरवे हा जिनाच करायचा म्हणून अडून बसलेत. किती वाजता पोचावं आणि धुकं असेल तर काय करावं, तेही सांगा.

घाटवाट :
ही एक पायवाट नाही, दोन आहेत असं धरा. एको पॉइंट या दरीवरच्या लुकआउटचा मोठा कठडा, तिथून माहिती केंद्राच्या शेजारून निघणारा रस्ता आणि पुढचे एकदोन लुकआउट, हा सगळा पक्का आणि सौम्य उताराचा भाग. आई इथपर्यंत आरामात येतील. खऱ्या पायऱ्या सुरू झाल्या की दुसरी वाट लागते. पायऱ्या उभ्या आहेत, त्यांची उंची एकसारखी नाही, दगड दमट असतात. लोखंडी कठडा आहे, पण समोरून माणसं येत असली की अंग चोरून उभं राहावं लागतं. खाली हनिमून ब्रिज, आणि तो ओलांडला की पहिल्या सिस्टरच्या कपारीत बाकडं. जाऊन येऊन एकूण जेमतेम १ किमी, वेळ अर्धा ते एक तास.

अंतराकडे बघून फसू नका. गुडघ्याला त्रास किलोमीटरने होत नाही, उतरण्याने होतो, आणि इथे उतरणं आधी असतं. खाली पोचेपर्यंत ठीक वाटतं, दुखणं परत येताना कळतं. तेव्हा पायऱ्यांच्या तोंडाशी थांबायचं हे घरूनच ठरवून निघा. बाबांना एकट्याला पुलापर्यंत जाऊन येऊ द्या.

जायंट स्टेअरवे म्हणजे पुलाकडच्या फाट्यापासून दरीच्या तळापर्यंत जवळपास ९०० पायऱ्या. १९३२ साली तो खुला झाला. तळातून डार्डनेल्स पास आणि पुढे फेडरल पास या पायवाटांनी चालत सीनिक रेल्वे या पर्यटकांच्या उभ्या चढाच्या गाडीच्या खालच्या स्टेशनला जाता येतं आणि तिने वर येता येतं. घोळ इथेच होतो. रेल्वे संध्याकाळ व्हायच्या आत बंद होते. ती चुकली की तेवढंच सगळं पायांनी चढायचं. आणि दरड कोसळल्यावर हा जिना कित्येकदा महिनोन्‌महिने बंद असतो, म्हणून आदल्या रात्री न्यू साउथ वेल्स नॅशनल पार्क्सच्या संकेतस्थळावर ‘अलर्ट्स’ बघाच.

सह्यकडा :
वरच्या उत्तराशी सहमत. वेळेबद्दल थोडं.

आपल्याकडच्या सवयीने लोक इथे सूर्याचा हिशोब चुकतात. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि एको पॉइंटवरून जॅमिसन दरी दक्षिणेकडे पसरलेली दिसते. म्हणजे भर दुपारी सूर्य तुमच्या पाठीमागे असतो. दरी छान दिसते, पण दक्षिणेकडे तोंड असलेले कडे जुलैत सावलीतच राहतात. थ्री सिस्टर्स एको पॉइंटच्या पूर्वेला आहेत. सकाळी त्यांच्यामागून उजेड येतो आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या उमटतात. त्यांच्यावर ऊन पडतं ते कलत्या दुपारी. जुलैत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा अडीच ते साडेचार ही चांगली वेळ. ऊन उतरू लागलं की वालुकाश्म पिवळ्यावरून नारिंगी होतो, ते बघण्यासारखं असतं.

दरीवरची निळसर झाक म्हणजे धुकं नव्हे. निलगिरीच्या पानांतून हवेत जाणाऱ्या तेलांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि निळा उजेड जास्त विखुरतात. नाव त्यावरूनच पडलंय.

खरं धुकं दोन प्रकारचं. रात्री गार हवा दरीत साचून बनणारं धुकं खाली असतं. वरून ढगांचा समुद्र दिसतो आणि दहा-अकरापर्यंत तो विरतो. हे धुकं नशिबाने मिळतं, त्याची भीती नको. दुसरं पूर्वेच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडून चढून येतं, ते थेट कड्यावरच बसतं आणि दिवसभर हलत नाही. अंदाजात पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा आणि रिमझिम दिसली तर बेत पुढे ढकला. अंदाज कटूम्बाचा बघा, सिडनीचा नको. कटूम्बा हजार मीटरवर आहे. जुलैत दुपारचं कमाल तापमान साधारण ९-१० अंश, आणि उघड्या कठड्यावर वारा झोंबतो. कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट हवंच.

लोहमार्गी :
सेंट्रल ते कटूम्बा सुमारे दोन तास. गाडी साधारण तासाला एक, म्हणजे चुकली तर तासभर ताटकळायचं. शुक्रवार ते रविवार ओपलची (इथलं प्रवासाचं टॅप कार्ड) दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, पण शनिवार-रविवारी ट्रॅकवर्क, म्हणजे रुळांचं काम असलं तर मध्येच उतरून बसमध्ये बसवतात आणि प्रवास लांबतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ती चढउतार नको. शक्यतो मधला वार पाहा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं टॅप करायचं. परदेशातून आलेल्या ज्येष्ठांना सवलतीचं गोल्ड कार्ड मिळत नाही.

स्टेशनपासून एको पॉइंट अडीच किमी. जाताना उतार आहे म्हणून लोक चालत जातात आणि परतीचा चढ विसरतात. ६८६ नंबरची बस धरा. स्वच्छतागृह एको पॉइंटवर आहे, पायवाटेवर नाही. एको पॉइंटला प्रवेश फी नाही.

जास्वंद_सिडनी :
सगळ्यांचे आभार. अजून एक, बाबा ‘तीन बहिणींवर चढता येतं का’ विचारतायत. आणि ती बहिणींची गोष्ट खरी आहे का?

घाटवाट :
चढायला बंदी आहे. २०१४ मध्ये ती जागा कायद्याने ‘ॲबोरिजिनल प्लेस’ जाहीर झाली. ड्रोनही परवानगीशिवाय उडवता येत नाही. मीहनी, विमला आणि गनेडू या तीन बहिणींची गोष्ट सगळीकडे ‘आदिवासी दंतकथा’ म्हणून सांगतात, पण ती विसाव्या शतकात पर्यटनाच्या काळात रचली गेली असावी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. ही भूमी मात्र गुंडुंगुरा आणि धारुग लोकांची आहे.

सह्यकडा :
आईंसाठी एक जोड : बाबा पुलावर जाऊन येतील तोवर प्रिन्स हेन्री क्लिफ वॉक या कड्यावरच्या पायवाटेच्या मागे लागू नका, तीही पायऱ्यांची आहे. वरच्या कठड्यावर बाकं आहेत, पश्चिमेचं ऊन तिथे शेवटपर्यंत येतं.