हद्दवाढ: गावं आधी की गटार आधी?

मंगळवारपेठकर:
कोल्हापूरची महापालिका झाली 1972 ला. तेव्हाची हद्द आजही तीच आहे, 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत या हद्दीत साडेपाच लाख माणसं होती. हद्दवाढीसाठी, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घेण्यासाठी, कधी 42 गावांची यादी निघाली, कधी 18 गावं आणि 2 औद्योगिक वसाहतींची. प्रत्येक वेळी गावांनी बंद पाळला, मोर्चे निघाले, यादी परत कपाटात गेली. 2017 ला तोडगा म्हणून 42 गावांच्या विकासाचं नियोजन करणारं वेगळं प्राधिकरण झालं. त्यामुळं बांधकाम परवानगीचा शिक्का एका ठिकाणी आला, पण गटार कुणी घालायचं हे ठरलंच नाही.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा या बाजूला संध्याकाळी फिरून या. शहर कुठं संपलं हे फलक वाचल्याशिवाय कळत नाही. माझ्या गल्लीतली निम्मी पोरं तिकडं फ्लॅट घेऊन गेली, कारण पेठेत जागाच नाही. नोकरी, शाळा, दवाखाना सगळं शहरात. त्या घरांचं सांडपाणीसुद्धा उतारानं ओढ्यातून शहराकडंच येतं आणि शेवटी पंचगंगेत जातं. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी वसवली, 1917 ला जयसिंगपूर वसवलं. आधी रस्ते आखले, मग पेठ भरली. आपण आता उलटं करतोय. म्हणून मला हद्दवाढ हवी आहे, आणि ती तातडीनं हवी आहे.

शिवारातला:
दादा, पेठेत जागा नाही म्हणून आमचं शिवार का? मी हद्दीलगतच्या गावातला आहे, ऊस आणि दोन म्हशी यावर घर चालतं. गाव महापालिकेत गेलं की ग्रामसभा संपली. वित्त आयोगाचा जो निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो तो थांबतो, रोजगार हमी थांबते, आणि चार-पाच गावं मिळून एक नगरसेवक. आज पाणी आलं नाही तर सरपंचाच्या दारात जाता येतं, उद्या कुणाच्या दारात जाऊ?

पुण्याचं उदाहरण बघा. 2017 ला 11 गावं महापालिकेत घेतली, त्यात उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. कर वाढला, त्या मानानं सोयी आल्या नाहीत म्हणून लोक ओरडत राहिले. शेवटी 2024 ला ती दोन गावं बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करावी लागली. सात वर्षं गेली त्या लोकांची.

आणि गायरान. शहराला कचरा टाकायला जागा पाहिजे, ती गायरानात दिसते. जनावरं कुठं चारायची ते कुणी विचारत नाही.

मंगळवारपेठकर:
गायरानाचं तुमचं म्हणणं मला पटतं. कचऱ्यासाठी गावं घ्यायची असतील तर मीही विरोधात उभा राहीन. पण कर एका दिवसात शहराएवढा होत नाही. नव्या गावांना सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या दरानं आणि मग पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं वाढवायची सोय कायद्यात आहे. ग्रामनिधीवर आणि घरपट्टीवर वीस-तीस हजार वस्तीच्या गावाची भुयारी गटार होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

आराखडावाली:
मी नगररचना शिकते, म्हणून एक गोष्ट सांगते. तुम्ही दोघं हद्दीवर भांडताय, पण जमिनीचा प्रश्न हद्दीनं सुटत नाही. नगररचना योजना नावाचं साधन आहे. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, गटारी, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडाच्या रूपानं मूळ मालकालाच परत द्यायची. क्षेत्र कमी होतं, किंमत वाढते आणि वाढलेल्या किमतीतला वाटा कामाच्या खर्चाला जातो. अहमदाबादचा रिंग रोड असाच झाला. पुण्यात मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तर स्वतःच चारशे एकर एकत्र केले आणि मालकी सोडली नाही.

यासाठी गाव महापालिकेत जायलाच पाहिजे असं नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं (पीएमआरडीए) म्हाळुंगे-माणला योजना केली तेव्हा ती गावं महापालिकेत नव्हती. आपलं प्राधिकरणही करू शकतं.

शिवारातला:
ताई, हे मोकळ्या शिवारात चालेल. आमच्याकडं निम्मं शिवार गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या छोट्या तुकड्यांत, गेलंय. एक-एक गुंठ्यावर घरं उभी आहेत, नऊ फुटी बोळ आहेत. त्या माणसाच्या गुंठ्यातून तुम्ही किती कापणार?

आराखडावाली:
खरं आहे. गुंठेवारीत कापायला काही उरत नाही. तिथं नियमितीकरणाचा पैसा त्याच बोळाच्या गटारीला लावणं एवढंच हातात राहतं. म्हणून तर जिथं अजून ऊस उभा आहे तिथं ही योजना आत्ताच व्हायला पाहिजे. प्लॉटिंगसाठी चुन्याच्या फक्कीचे पट्टे एकदा पडले की वेळ गेली.

चिखलीकर:
तुम्ही सगळेजण पूर विसरलात का? ऑगस्ट 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 आहे. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. दोन वर्षांनी, 2021 ला, परत तेच.

आमच्या प्रयाग चिखलीला आणि आंबेवाडीला, पुरात बुडतात म्हणून, उंचावरच्या सोनतळीला भूखंड देऊन कितीतरी वर्षं झाली. तरी गावं खालीच राहिली. बाहेरची माणसं म्हणतात, हट्टी आहेत. अहो, वैरण नदीकाठच्या रानात, गोठा गावात, डेअरीला दूध पहाटे घालायचं. एवढ्याशा भूखंडावर घर बसतं, गोठा बसत नाही. सोनतळीवरून रोज दोनदा धारेला खाली यायचं म्हातारीला जमतं का? ज्यांची पोरं नोकरीला आहेत ती वर गेली. ज्यांची म्हैस आहे ती राहिली. आता कित्येकांची दोन घरं आहेत, एक पावसाळ्याचं.

हे सांगायचं कारण, हद्दवाढ करा नाहीतर नगररचना योजना करा, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांची लाल रेषा नकाशावर आधी ठेवा. शहराच्या बाजूला नदीकाठी भराव टाकून इमारती झाल्या, ते पाणी कुठंतरी जाणारच. ते आमच्या गोठ्यात येतं. गावं शहरात आली की जमिनीचा भाव वाढेल आणि भाव वाढला की भराव पडेल. मला सगळ्यात भीती त्याची आहे.

महाद्वाररोड:
गावांचं बोलताय, जुन्या शहराचंही बोला. अंबाबाई मंदिर परिसरासाठी राज्य मंत्रिमंडळानं 2025 ला 1445 कोटींचा आराखडा मंजूर केला. भाविकांची सोय व्हायला पाहिजे, कुणाला नको आहे? पण आमची दुकानं आजोबांपासूनची, बरीचशी भाड्यानं. मोबदला मिळेल तो मालकाला. दुकानदाराला नवी जागा कुठं मिळणार, हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे. शाहू मिल 2003 पासून बंद आहे, शहराच्या मधोमध. जिची पायाभरणी 1906 ला झाली ती गिरणी वीस वर्षांहून जास्त काळ रिकामी ठेवणाऱ्या शहरानं आधी आतली जागा वापरून दाखवावी, मग बाहेरची मागावी.

शिवारातला:
हेच मी म्हणतोय, फक्त मला असं मांडता आलं नाही.

मंगळवारपेठकर:
मिलच्या बाबतीत उत्तर नाही माझ्याकडं. ते चुकलंच आहे शहराचं.

चिखलीकर काका, गोठ्याचं मी कधी धरलंच नव्हतं. पुराच्या वेळी आम्ही पोरं गंगावेशीतून भाकरी घेऊन यायचो, तुम्हाला वर का जायचं नाही म्हणून चिडायचो. भरावाचं तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. निळ्या रेषेच्या आतली एक गुंठा जमीनसुद्धा भाव वाढायच्या यादीत नको.

तरीही हद्दवाढीचा माझा आग्रह मी सोडत नाही. प्राधिकरण योजना आखेल, पण ती गटार पुढची तीस वर्षं चालवणार कोण? मैला प्रक्रिया केंद्राचं वीजबिल कुणाच्या नावावर येणार? ते ग्रामपंचायतीला झेपणार नाही. फक्त क्रम बदलायला मी तयार आहे. गावाच्या नावानं आधी जलनि:सारणाचा आराखडा आणि त्याचा पैसा मंजूर व्हावा, गायरान चराईसाठी राखीव असल्याचा आदेश निघावा, ते कागद ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि मग हद्दवाढीची अधिसूचना काढावी.

शिवारातला:
काम सुरू झाल्यावर अधिसूचना काढा. कागद आम्ही 2017 पासून बघतोय. पाईप रस्त्यात पुरलेली दिसली तर ग्रामसभेत मी स्वतः उभा राहून तुमच्या बाजूनं बोलेन.