ताई, घटस्फोटाची केस टाकायच्या आधी मीडिएशनला जाच

ताईंच्या प्रश्नावर एका दादांनी लिहिलंय की मीडिएशन (तटस्थ माणूस मध्ये बसवून बोलून मिटवणं) म्हणजे नुसता वेळकाढूपणा, सरळ केस टाका. मला नाही पटलं. माझ्या मामेबहिणीचं रत्नागिरीला मीडिएशनमधूनच मिटलं, तिथलं बोलणं गुप्त राहतं, पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही म्हणून माणसं जरा मोकळी बोलतात. खरी गाठ पैशाची होती. नवऱ्याचं घर नि आंब्याची कलमं त्याच्या चुलत्यांसोबत सामायिक सातबाऱ्यावर, उत्पन्न आंब्याचं, म्हणजे हातात पैसा मार्च ते मे. दरमहा मोठी पोटगी लिहून घेतली असती तर पावसाळ्यात थकलीच असती, म्हणून महिन्याला थोडी नि सीझन संपल्यावर बाकी एकरकमी असं ठरलं, शाळेची फी वडील परस्पर भरणार. गणपतीला पोरगा बाबांच्या गावी, किती दिवस, कोण सोडणार कोण आणणार हेसुद्धा लिहून घ्या हो, तोंडी ठेवलं की चतुर्थीच्या तोंडावर भांडण ठरलेलं! वकिलाच्या खर्चाला घाबरू नका, बायकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. आणि पोटगी, मुलाचा ताबा सगळं ठरलेलं असेल तर परस्पर संमतीच्या घटस्फोटात थांबावे लागणारे ते ६ महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. मारहाण होत असेल तर मात्र मीडिएटरला आधीच सांगा, समोरासमोर बसायची सक्ती नसते, वेगवेगळं बसवून बोलतात.