पिकअपचं स्टेअरिंग ५५-६० ला हातातून सुटतं, तीनदा अलाइनमेंट झालं, आता स्टेअरिंगचा गिअर बॉक्स बदलू का?

टोमॅटोवाला_जुन्नर

राम राम मंडळी. गाडी डिझेल पिकअप आहे, पासिंग १.३ टन, पुढेपण पाटेच (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत आणि सरळ ॲक्सल, किंग पिनवाली, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती. मीटर १ लाख ८२ हजार. सीझनला नारायणगाव मार्केटवरून वाशीला टोमॅटो, आठवड्यात चार फेऱ्या, कधी माळशेज उतरून मुरबाड-कल्याण, कधी चाकण-तळेगाव करून. रस्ते कसे आहेत ते मी सांगायला नको.

प्रॉब्लेम असा की भरलेली गाडी ५५-६० ला असताना एखाद्या पुलाच्या जॉइंटवर चाक आपटलं की स्टेअरिंग डावं-उजवं असं थरथरायला लागतं की हातात ठरत नाही, पुढचं अख्खं नाक नाचतं, डॅशबोर्डवरचा गणपती दोनदा खाली आलाय. ३० पर्यंत आणली की आपोआप बंद. रिकामी येताना थरथर नाही पण गाडी रस्ता धरत नाही, सारखं इकडून तिकडून सावरत बसायचं, वळण घेतल्यावर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणि सरळ रस्त्यालापण जरा उजवीकडे धरून ठेवावं लागतं नाहीतर डावीकडे जाते.

डाव्या पुढच्या टायरला आतल्या बाजूने खड्डे-खड्डे पडलेत, १४ हजार किमी झालेत फक्त टायरला. आतापर्यंत दोन्ही टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) नवीन, शॉकअप नवीन, बॅलन्सिंग, तीन वेळा अलाइनमेंट, आणि बॉक्सचा स्क्रू टाईट केलाय. आता मिस्त्री म्हणतो बॉक्सच बदला, २२ हजार. एका ठिकाणी म्हणाले स्टेअरिंगला आडवा शॉकअप बसवून देतो, थरथर जाईल. काय करू?

भाडेवाला४०७

हवा किती मारतोस? आणि क्रेट किती भरतोस ते खरं सांग 😀

टोमॅटोवाला_जुन्नर

हवा कंपनीने दाराला स्टिकर लावलाय तेवढीच. क्रेट ८५-९०. खोटं कशाला बोलू.

भाडेवाला४०७

२२ किलोचा क्रेट धरला तर ९० क्रेट म्हणजे जवळजवळ २ टन. मग पुढचा भाग रडणारच ना भाऊ.

ग्रीसगन_संगमनेर

मालक, आधी बॉक्सला हात लावू नका. गॅरेजमध्ये २० वर्षं झाली, थरथरीसाठी बॉक्स बदललेल्या दहा गाड्या आल्या तर नऊ तशाच थरथरत परत जातात. आणि तो स्क्रू ज्याने टाईट केला त्याला सांगा जागेवर आण, स्टेअरिंग सरळ परत येत नाही म्हणताय त्यात त्याचापण वाटा असणार, बॉक्स जास्त कसला की मधोमध जड होतो आणि आतला दात खातो.

आता हे घरी करून बघा. पुढचं चाक जॅकवर उचला, खाली स्टँड किंवा लाकडी ठोकळा द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर बेअरिंग ढिलं आहे, नाही गेली तर किंग पिन. मग चाक आडवं धरून हलवा, डावी-उजवी बाजू. तिथे लागलं तर टाय रॉड, नाहीतर ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा. तुमचे टाय रॉड एंड नवीन आहेत, पण ड्रॅग लिंकचं नाव तुम्ही घेतलंच नाही, ती बघितली का कोणी?

टायरला हात लावून बघा, डोळ्याने नाही. आतून बाहेर हात फिरवला तर गुळगुळीत आणि बाहेरून आत फिरवला तर करवतीसारखं लागत असेल तर तो टो-चा प्रॉब्लेम, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली. एकच कडा सरळ झिजली तर कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत-बाहेर कललेलं. तुम्ही म्हणताय तसे खड्डे-खड्डे म्हणजे चाक रस्त्यावर नाचतंय, कुठेतरी ढील आहे. आणि ढील असताना अलाइनमेंट करणं म्हणजे खुंटा हलत असताना बैल बांधायचा. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा आकडे बरोबरच येतात, रस्त्यावर निघाली की चाकं परत मनाला येईल तिकडे.

अजून एक, ते डावीकडे ओढतंय ते मला खटकतंय. पुढच्या पाट्यांचं काम कधी केलं होतं का? टेप घेऊन डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, मग उजव्या बाजूला. स्टेअरिंग सरळ ठेवून. दोन्ही आकडे इथे टाका.

टोमॅटोवाला_जुन्नर

दिवाळीच्या आधी डावा पुढचा मेन पाटा तुटला होता तो बदललाय. मोजतो रविवारी, आता तोड चालू आहे.

आणि एक सांगायचं राहिलं, मागे दोन जादा पाटे टाकलेत.

ग्रीसगन_संगमनेर

तरीच. पाटा बदलल्यावर यू बोल्ट, म्हणजे पाटा ॲक्सलला आवळणारे, परत टाईट केले होते का, पाचशे-हजार किमीला?

टोमॅटोवाला_जुन्नर

नाही. करायचे असतात?

टेक्सासचा_पाहुणा

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या टेक्सास. इकडे माझ्याकडे थ्री-क्वार्टर टन डिझेल पिकअप आहे, मागे कॅम्पिंगचा ट्रेलर ओढतो, तुझ्या टोमॅटोएवढं काम नाही तिला. पण हा आजार सेम टू सेम. इकडे याला डेथ वॉबल म्हणतात, नाव ऐकूनच बायकोने गाडीत बसायचं बंद केलं होतं. सरळ फ्रंट ॲक्सल आणि त्यावर सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन, नुसतं इंजिनच ५०० किलोच्या आसपास, त्यामुळे पुढचे सांधे लवकर जातात.

माझ्या गाडीला पुढे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे, त्यामुळे ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून चासीपासून ॲक्सलपर्यंत एक आडवा दांडा असतो, ट्रॅक बार. त्याचा बुश गेला की खड्डा लागल्यावर ॲक्सल डावा-उजवा सरकतो, स्टेअरिंगचा दांडा मात्र चासीला धरलेला, मग चाकं आपोआप वळतात, परत येतात, परत वळतात. पाट्याच्या गाडीत ट्रॅक बार नसतो, ते काम पाटे आणि त्यांचे बुशच करतात. म्हणजे तुझे पाट्याचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चासीला धरणारी हलती कडी) हाच तुझा ट्रॅक बार समज.

आडवा शॉकअप बसवू नकोस, निदान आत्ता तरी. मी तेच केलं होतं, १० महिने शांत चाललं आणि मग जास्त जोरात आलं, कारण आत झीज चालूच होती, शॉकअपने नुसती दाबून ठेवली होती. तो वाईट पार्ट नाही, कंपनीपण देते, पण तो आवाज कमी करणारा आहे, दुखणं बरं करणारा नाही.

मला प्रॉब्लेम सापडला तो जॅक न लावता. गाडी चारही चाकांवर जमिनीवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट (सरकू नये म्हणून अडसर) लावलेली. आत बसलेला माणूस स्टेअरिंग झटपट डावं-उजवं, फार नाही, घड्याळात ११ ते १ एवढंच फिरवतो आणि तू बाजूला बसून एकेक जॉइंट बघतोस, बोट लावून. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला लगेच हलला नाही, की तिथे ढील. जॅकवर वजन निघून जातं त्यामुळे काही ढील लपते, इकडे सगळी दिसते. हात फिरत्या भागांच्या मध्ये घालायचा नाही हे सांगायला नको.

जादा पाट्यांबद्दल. मागून गाडी ५ सेंटीमीटर उंच झाली आणि व्हीलबेस ३ मीटरच्या आसपास असेल तर अख्खी चासी जवळजवळ १ अंश पुढे झुकते, आणि तेवढाच कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंग पिनचा मागे कललेला कोन, सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसा, त्याच्यामुळेच स्टेअरिंग स्वतःहून सरळ येतं. असतो मुळात दोन-तीन अंश, त्यातला एक गेला तर रिकामी गाडी भटकणारच. भरली की मागे बसते, नाक वर येतं, कॅस्टर वाढतो आणि ढिल्या सांध्यांना थरथर सुटायला निमित्त मिळतं. तुझे दोन्ही त्रास एकाच माळेतले आहेत.

आणि परत आली थरथर तर कचकन ब्रेक मारू नकोस, पाय काढ, स्टेअरिंग घट्ट पण न भांडता धर आणि हळूहळू वेग उतरव.

भाडेवाला४०७

ओट लावलेली 😀 साताऱ्याचा माणूस टेक्सासात जाऊनपण ओटच लावतो.

टोमॅटोवाला_जुन्नर

अपडेट. रविवारी केलं सगळं, धाकटा भाऊ स्टेअरिंगवर आणि मी खाली मातीत.

टेपने उजवी बाजू आणि डावी बाजू यात १४ मिमीचा फरक. डावं चाक मागे. मी तीनदा मोजलं, वाटलं टेप वाकडा धरतोय. मग डाव्या पाट्याखाली बॅटरी मारून बघितलं तर यू बोल्टचे नट हाताने नाही पण साध्या पान्याने, जोर न लावता फिरले. संगमनेरच्या गॅरेजला नेली, पाटा उतरवल्यावर सेंटर बोल्टचं डोकं वेगळं पडलं खाली, कापल्यासारखं, चकचकीत. म्हणजे ॲक्सल पाट्यावर मागे सरकून बसला होता आणि अलाइनमेंटवाला दर वेळी मला स्टेअरिंग मधोमध आणून देत होता आणि पैसे घेत होता.

किंग पिन पण डाव्या बाजूचा गेलेला, ब्रेक दाबूनसुद्धा खडखड तशीच. वरच्या ग्रीस निपलला माती घट्ट बसलेली, मी दर महिन्याला ग्रीस मारतो पण ते बाहेरून सांडायचं आणि मला वाटायचं भरलं. आतला बुश कोरडा, पिनवर खाच, नखाने लागते. ड्रॅग लिंकचा पुढचा जॉइंट पण ढिला.

ग्रीसगन_संगमनेर

ते बोल्टचं मी सांगतो, कारण पुष्कळ लोकांना वाटतं सेंटर बोल्टच ॲक्सल धरून ठेवतो. नाही. तो नुसता जागा दाखवतो, पकड सगळी यू बोल्टची. नवीन पाटा टाकला की रंग, गंज, पानं एकमेकांवर बसतात आणि दोनेकशे किमीतच यू बोल्ट ढिले होतात. मग प्रत्येक ब्रेकचा दणका त्या एका बोल्टच्या डोक्यावर. माळशेज उतरताना किती वेळा ब्रेक लागतो ते मोजा.

किंग पिनचे दोन्ही बाजूचे किट टाकलेत, बुश रीमरने बसवलेत, हातोड्याने नाही, खालचं थ्रस्ट बेअरिंग नवीन, वर शिम घालून उभी ढील काढलीय. सेंटर बोल्ट, चारही यू बोल्ट नवे, जुने परत वापरत नाही मी, ताणलेले असतात. ड्रॅग लिंक एंड. बॉक्सचा स्क्रू होता तिथे आणला, बॉक्स ठणठणीत आहे. आणि ग्रीस मारताना पुढचा ॲक्सल उचलून मारा, चाकं लोंबकळू द्या, वजन असताना बेअरिंगच्या खालच्या तोंडाला ग्रीस जात नाही. निपलमधून जाऊन दुसरीकडून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत. नाही आलं तर निपल काढा, साफ करा, किंवा बदला, चहाच्या पैशात येतो.

टोमॅटोवाला_जुन्नर

सगळं मिळून बॉक्सच्या निम्म्यात झालं. अलाइनमेंट एकदाच, शेवटी. परवा ७० क्रेट घेऊन गेलो, मुरबाडच्या अलीकडचे ते जॉइंट मुद्दाम ६० ला घेतले, गणपती जागेवर. टायर मात्र गेलाच, स्टेपनीला टाकलाय.

टेक्सासचा_पाहुणा

मस्त. यू बोल्ट परत कधी टाईट करणार?

टोमॅटोवाला_जुन्नर

३०० ला एकदा केलेत, टॉर्क पान्याने. परत हजारला. डॅशबोर्डला चिठ्ठी चिकटवलीय.

भाडेवाला४०७

आणि मागचे जादा पाटे?

टोमॅटोवाला_जुन्नर

एक काढला. दुसरा सीझन संपल्यावर बघू 🙏